मॅडम, उद्या कट्टा आहे का?

तालुक्याच्या गावातल्या एका वरिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवणाऱ्या प्राध्यापिकेचं पत्र आलं आहे. सहा वर्षांपूर्वी त्यांनी दर शनिवारी दुपारी मुलांसाठी 'कट्टा' सुरू केला. आजूबाजूच्या खेड्यांतून एसटीनं येणारी मुलं, बहुतेकांच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारं पहिलंच माणूस. कट्ट्यावर कधी पुस्तकावर बोलणं, कधी गावच्या पाण्यावरून वाद, कधी पाहुणा, कधी नुसत्या गप्पा. चाळीस-पंचेचाळीस मुलं यायची. 'चहा-बिस्किटांचा खर्च मी माझ्या पगारातून करते, मुलांवर भार नको,' असं बाई सहज लिहून जातात. गेल्या वर्षी त्यांचं ऑपरेशन झालं, तीन महिने घरी होत्या. त्या तीन महिन्यांत कट्टा एकदाही भरला नाही. दर शुक्रवारी ग्रुपवर तेवढा एक प्रश्न यायचा: 'मॅडम, उद्या कट्टा आहे का?' त्याच दिवसांत पुण्याला नोकरीला गेलेल्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. कॉट बेसिसवर चौघी एका खोलीत राहतात, सहा महिने झाले, कोणाशी धड ओळख नाही, रविवार खायला उठतो म्हणाली. बाई विचारतात, 'माणसं जोडायला, स्वतःचं काही उभं करायला या मुलांना शिकवायचं कसं? विभागप्रमुख म्हणतात कट्ट्याचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करा, क्रेडिट द्या, आपोआप चालेल. मैत्रीण म्हणते नेतृत्वाचं प्रशिक्षण देणारं कोणी बोलवा. मी थांबले तर बंद पडतं, आणि मी राहिले तर ती कधी शिकणार नाहीत.'

ताई, नमस्कार.

आधी तब्येत. ती सांभाळा. तीन महिन्यांच्या रजेचा हिशोब तुम्ही असा मांडलाय की जणू पेपर मुलांनी दिला आणि नापास तुम्ही झालात. तो पेपर नीट काढलेला होता का, हेच आधी पाहू.

खोलीची किल्ली कोणाकडे असते? पुढच्या शनिवारी काय, हे कोण ठरवतं? पाहुण्याला फोन कोण करतं? चहाचे पैसे कोणाच्या पर्समधून जातात? ग्रुपचं अॅडमिन कोण आहे? तुमच्या पत्रात या सगळ्यांचं उत्तर एकच येतं. मग मुलांचा तो शुक्रवारचा प्रश्न मला अजिबात बावळट वाटत नाही. दुसऱ्याच्या घरी कार्यक्रम असला की आपण 'आहे ना?' असंच विचारतो. त्यांच्या घरात शिरून चूल पेटवत नाही. मुलांना कट्टा आवडत होता, ती मनापासून येत होती. पण ती पाहुणी होती, आणि तुम्ही यजमानीण. चांगली यजमानीण असल्यामुळे सहा वर्षांत हे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

दुसरी गोष्ट. या मुलांना एकत्र येऊन काही उभं करता येत नाही असं तुम्ही धरून चाललाय. त्यातल्या चार पोरांच्या गावी गणपतीत एकदा जाऊन या. 1893 साली पुण्यात सार्वजनिक झालेला हा उत्सव आज वाडीवस्तीवर जातो तो याच वयाच्या पोरांच्या खांद्यावरून. वर्गणी कोणाकडून किती घ्यायची, पावतीपुस्तक कोणाकडे, मांडवाची आणि पोलिसांची परवानगी, मिरवणुकीची ट्रॉली, नंतर चौकात लागणारा हिशोबाचा फलक. वर्गात तुमच्यासमोर मान खाली घालून बसणारा मुलगा तिकडे खजिनदार असतो. टेनिस बॉल क्रिकेटची स्पर्धा भरवणारी, वारीत दिंडीबरोबर चालून आलेली मुलंही तुमच्याकडे असणारच. मुलींचं म्हणाल तर त्यांच्या आया बचत गटात आहेत. गटाची वही बऱ्याच घरांत मुलगीच लिहिते, कारण आईचं अक्षर तिला पुरेसं वाटत नाही. बचत गटाची पंचसूत्री त्या मुलीनं ऐकलेली असते: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जवाटप, वेळेवर परतफेड, हिशोब अद्ययावत. एवढी तयार माणसं कॉलेजच्या फाटकातून आत येतात आणि आपण त्यांना सतरंजीवर बसवून 'बोला, लाजू नका' म्हणतो.

जिल्हा परिषदेच्या शाळेत परिपाठ मुलंच चालवतात. आज चौथीची पाळी, उद्या पाचवीची. पंचांग, बातम्या, सुविचार, सगळं तीच. नऊ वर्षांचं पोर माईकसमोर उभं राहतं. तेच पोर कॉलेजात येईपर्यंत सूत्रसंचालनाला आपल्याला प्राध्यापक का लागतात, हा प्रश्न मला नेहमी पडतो. (कॉलेजातल्या खुल्या निवडणुका 1994च्या विद्यापीठ कायद्यानंतर थांबल्या, 2016च्या कायद्यात परत आल्या त्या कागदावरच. त्या मारामाऱ्यांची मला हौस नाही. पण आपल्यातून कोणालातरी निवडायचं आणि मग त्याला जाब विचारायचा, हा सराव गेला तो गेलाच.)

आता माझी एक चूक सांगतो, कारण तुमच्या पत्रात मला तीच दिसली.

मी काही वर्षं एका वसतिगृहाचा रेक्टर होतो. मेस मुलंच चालवत. दर महिन्याला मेस सेक्रेटरी बदलायचा. त्यानं पहाटे मंडईत जायचं, भाजी घासाघीस करून आणायची, खाडे लिहायचे आणि महिनाअखेर ज्याचे जेवढे दिवस भरले त्याला तेवढं बिल लावायचं. जेवण बेताचंच. वांगी स्वस्त झाली की आठवडाभर वांगी. भांडणं रोजची: 'माझे चार खाडे धरले नाहीत', 'पोळ्या मोजून का'. एका महिन्यात हिशोबात तूट आली, साधारण दीड हजारांची. सेक्रेटरीनं पैसे खाल्ले की त्याला बेरीज आली नाही, हे आजही मला माहीत नाही. माझ्याकडे तक्रारी आल्या आणि मी एका बैठकीत, मुलांच्या भल्यासाठी, मेस ठेकेदाराला दिली. जेवण खरंच सुधारलं. मी तक्रारवही ठेवली, दोन महिन्यांत ती भरली. आधी मुलं एकमेकांना शिव्या घालत, आता सगळी मिळून मला घालू लागली. त्याहून वाईट म्हणजे पूर्वी कोणी तापानं पडला तर त्याचं ताट खोलीवर जायचं. सेक्रेटरीला माहीत असायचं, खाड्यांची वही त्याच्याकडे होती ना. ठेकेदार आल्यावर एक मुलगा दोन दिवस जेवायला उतरला नाही आणि ते कोणाच्याच ध्यानात आलं नाही. एकमेकांच्या ताटावर लक्ष ठेवणारी ती मुलं होती, मी त्यांना गिऱ्हाइकं करून टाकलं. ती दीड हजारांची तूट मी मुलांनाच बसून सोडवू द्यायला हवी होती.

तेव्हापासून मी एवढंच मानतो की सोबत जमते ती कामाभोवती. तेही असं काम की आपण केलं नाही तर ते होणारच नाही. गप्पांभोवती माणसं येतात आणि गप्पा संपल्या की पांगतात. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाबद्दल तुम्ही इतिहासाच्या वर्गात सांगत असालच. तिथं विषय समजून घ्यायला अभ्यासगट आणि निर्णय घ्यायला ग्रामसभा, अशी दोन्ही अंगं होती, आणि ग्रामसभेतला निर्णय सर्वसहमतीनं. तुमच्या कट्ट्यात अभ्यास भरपूर झाला. निर्णय मुलांनी एकही घेतला नाही.

म्हणून पहिलं काम: किल्ली द्या. अक्षरशः खोलीची किल्ली. एक दुसऱ्या वर्षाच्या मुलीकडे, एक पहिल्या वर्षाच्या मुलाकडे, म्हणजे तीन वर्षांनी पुन्हा सगळं शून्यावर येणार नाही. दोन महिन्यांनी पाळी बदला. जुन्या जोडीनं नव्या जोडीबरोबर दोन शनिवार बसायचं आणि मगच मोकळं व्हायचं. 'अध्यक्ष' वगैरे करू नका. आपल्याकडे पद मिळालं की फेटा लागतो, आणि फेटा लागला की झाडू हातातून सुटतो.

दुसरं, चहाचे पैसे देणं बंद करा. हे तुम्हाला जड जाईल. मुलांवर भार नको हे तुमचं म्हणणं मला कळतं, त्यातल्या काहींकडे पासाव्यतिरिक्त खिशात काही नसतं. पण पाच रुपये का होईना, सगळ्यांचे असू द्या; ज्याच्याकडे नाहीत त्यानं शेंगदाणे आणावेत, किंवा काहीच आणू नये आणि ते कोणी मोजू नये. किती घ्यायचे, कोणाला सूट द्यायची, हे ठरवताना मुलं एकमेकांच्या घरची परिस्थिती पहिल्यांदा समजून घेतील. तुमच्या सहा वर्षांच्या चर्चांनी ते झालं नसेल. शंभर पानी वही, डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, आणि दर शनिवारी सुरुवातीला ती मोठ्यानं वाचायची. चाळीस रुपयांचा हिशोब चारचौघांत वाचायची सवय लागलेला मुलगा पुढे सोसायटीच्या किंवा पतसंस्थेच्या सर्वसाधारण सभेत गप्प बसत नाही.

पंचेचाळीस हा आकडाही मला खटकला. बचत गट दहा ते वीस जणींचा असतो, आणि संस्था नोंदवायची म्हटली तरी 1860चा कायदा सात माणसांवर समाधान मानतो. पंचेचाळिसात कोण आलं नाही हे कळत नाही. तुमच्या मुलांची आपसूक वाटणी झालेलीच आहे: एसटीच्या मार्गांनुसार. एकाच गाडीनं येणारी-जाणारी आठ-दहा मुलं रोज तासभर एकत्र असतात, स्टँडवर गाडीची वाट बघत आणखी तासभर. तिथं काय करायचं ते त्यांना ठरवू द्या. मुलींचा प्रश्नही यात थोडा सुटतो. शनिवारी दुपारी तीनचा कट्टा म्हणजे शेवटची गाडी पाचची असलेल्या मुलीसाठी अर्धा कट्टा. वेळ कोणी ठरवली होती? हे मी टोमणा म्हणून विचारत नाहीये. वेळ मुलींना ठरवू द्या आणि ती दुपारी साडेबारा निघाली तर तुमचं जेवण पुढे ढकला.

आता एक अवघड गोष्ट, जी या विषयावर बोलणारे बहुतेक लोक टाळतात. आपल्या भाषेत 'तुमचा समाज कोणता?' असं कोणी विचारलं तर तो जात विचारत असतो. 'समाजाचा मेळावा', 'समाजाचं वसतिगृह', 'समाजाचा ग्रुप'. मुलं स्वतःहून एकत्र येतील तेव्हा आधी गाव, मग जात, याच रेषांवर येतील. एसटीचा गटही त्याला अपवाद नसेल. मी याला नाक मुरडत नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1901 पासून वेगवेगळ्या समाजांची बोर्डिंगं उभी करवली, कारण त्या काळी तोच दरवाजा उघडत होता. त्याच कोल्हापुरात शिकलेल्या भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यात सगळ्या जातींची मुलं एका पंक्तीला बसवली. गांधीजी 1927 मध्ये तिथं आले आणि त्यांनी त्या बोर्डिंगला शाहू महाराजांचंच नाव दिलं. साताऱ्याची मुलं एकोप्यावरची भाषणं ऐकून एक झाली नाहीत. एकाच चुलीवर आपलं अन्न आपण शिजवावं लागत होतं, आणि पीठ मळणाऱ्याची जात विचारत बसलं तर उपाशी राहावं लागलं असतं. तेव्हा तुमचे गट सुरुवातीला कसेही बनोत, महिन्यातून एक काम असं असू द्या की दोन-तीन गटांना एकत्र आल्याशिवाय ते करता येणार नाही. आणि किल्लीची जोडी एकाच वाडीची होत नाही ना, याकडे मात्र लक्ष ठेवा. इथं तुम्ही बोललंच पाहिजे, मुलं बोलणार नाहीत.

भांडणं होतील. होऊ द्या. पण तक्रार मांडायची जागा आधी ठरवा. माउलींच्या पालखीत एक सुंदर रीत आहे. संध्याकाळी तळावर समाज आरतीला दिंड्या जमतात, टाळमृदंगाचा कल्लोळ चालू असतो. चोपदारानं चोप उंचावला की सगळं एका क्षणात शांत होतं. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवत राहते. मग चोपदार तिच्याकडे जातात, ऐकून घेतात, आणि त्यानंतर ते टाळ थांबतात. कोणी ओरडत नाही, पण तक्रार ऐकल्याशिवाय आरतीही पुढे सरकत नाही. तुमच्या खोलीत टाळ नसतील, वहीवर पेन वाजवा. हिशोब वाचून झाला की दोन मिनिटं फक्त यासाठी. चोपदाराचं काम पहिले काही महिने तुम्ही केलंत तरी चालेल.

तुमचा कल बघता तुम्ही हे वाचून उद्याच ग्रुप सोडाल. तसं करू नका. आईनं रुसून माहेरी जावं तसं ते दिसेल. दोन मुलांना अॅडमिन करा आणि तुम्ही नुसत्या राहा. पुढच्या शनिवारी अर्धा तास उशिरा जा. मागे बसा. त्यानंतर महिन्यातला तिसरा शनिवार तुमचा सुट्टीचा, आणि हे आधी सांगा. अचानक गैरहजर राहून परीक्षा घेऊ नका, ती एकदा झाली तेवढी पुरे. कोणी 'मॅडम, पुढच्या वेळी काय घ्यायचं?' असं विचारलं की तुमच्या तोंडातून उत्तर निघेल, सहा वर्षांची सवय आहे. चहाचा घोट घ्या. तेवढ्यात दुसरं कोणीतरी बोलतं, हा माझा अनुभव आहे. ते जे बोलेल ते तुमच्यापेक्षा सुमार असेल. पुस्तकांऐवजी स्पर्धा परीक्षेचे प्रश्न सोडवायचे ठरेल, पाहुणा म्हणून गावचा रीलस्टार येईल. गिळा.

काही गोष्टी मात्र द्यायच्या नाहीत. मुलीला त्रास झाल्याची तक्रार, सहलीची पालकांकडून परवानगी, रात्रीचा मुक्काम, मोठी रक्कम. हे मुलांनी आपसात मिटवायचे विषय नव्हेत. तिथं तुम्ही आणि कॉलेज जबाबदार आहात, आणि हे मुलांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा.

विभागप्रमुखांच्या सूचनेचं काय? प्रमाणपत्र अभ्यासक्रम केला तर खोली हक्काची मिळेल, वेळापत्रकात तास येईल, कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलला एक पान मिळेल. हे फायदे खरे आहेत, मी हसत नाही. पण हजेरीवर क्रेडिट आलं की मुलं हजेरीसाठी येतील, आणि वर्ष संपलं की बाडबिस्तरा आवरतील. खोलीसाठीच हवा असेल तर वेगळा अभ्यासक्रम काढा: सभा कशी चालवायची, इतिवृत्त, जमाखर्च, माहितीचा अधिकार, ग्रामसभेचे नियम. कट्ट्याला त्यात ओढू नका. नेतृत्वाचा प्रशिक्षक बोलवायचाच असेल तर खुशाल बोलवा, दुपार बरी जाते.

तुमच्यासारखाच प्रश्न शाळेतल्या शिक्षकांना, अभ्यासिका चालवणाऱ्यांना, राष्ट्रीय सेवा योजनेच्या (रासेयो) कार्यक्रम अधिकाऱ्यांनाही पडतो. रासेयोच्या सात दिवसांच्या निवासी शिबिरात स्वयंपाकाच्या पाळ्या आपण मुलांना देतो, पण किराण्याची यादी आणि पैसे आपल्याकडे ठेवतो. ते उलटं करून बघा. एक दिवस मीठ संपेल. अभ्यासिकेत दिवे मालवायची आणि वर्तमानपत्रं लावायची पाळी ठेवा. आणि शाळेत परिपाठ आहेच, तिथं बाईंनी दर दोन मिनिटांनी 'मोठ्यानं बोल' म्हणणं थांबवलं तरी पुष्कळ.

पुण्यातल्या त्या मुलीकडे येतो. तिच्या फोनबद्दल वाचून मला वाईट वाटलं, पण ती तुमच्या अपयशाची पावती नाही. चौघी एका खोलीत राहून अनोळखी राहतात, याचं एक कारण असं की त्या खोलीत त्यांच्या मिळून असं काहीच नाही. डबा मेसचा, पाणी जारचं, केर काढायला मावशी. तिला 'ओळखी वाढव' असं सांगू नका, ते तिला तिच्या आईनंही सांगितलं असेल. तिला विचारा, रविवारी मेस संध्याकाळी बंद असते ना, मग तुम्ही चौघी काय खाता? चार वेगळी पार्सलं येत असतील. इंडक्शनवर एक पातेलं खिचडी, तांदूळ एकीचा, डाळ एकीची. घरमालकीण कटकट करेल, तर तिला नेऊन एक वाटी द्यायची. तीन रविवारी जमलं तर चौथ्याला शेजारच्या खोलीतल्या येतात. नाही जमलं तर दुसरी खोली शोधणं हाही मार्ग आहे, सगळ्याच खोल्या जमत नाहीत.

तुमच्याकडे आता तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुलांना मी एवढंच काम देईन: जानेवारीत प्रत्येकानं तुमच्याविना काहीतरी सुरू करायचं. तिघांनी मिळून पळायला जाणं, गावातल्या चार मुलांची शिकवणी, पुस्तकांची अदलाबदल, काहीही. आठ आठवडे चालवायचं. मग वाटलं तर बंद करायचं आणि का बंद केलं ते कट्ट्यावर येऊन सांगायचं. बंद करायची परवानगी महत्त्वाची आहे. जे बंदच करता येत नाही ते सुरू करायला माणूस घाबरतो. आणि तुमचा कट्टाही, ताई, या मुलांनी उद्या ठरवून बंद केला, तर तो त्यांचा पहिला निर्णय असेल. मला विचाराल तर ते तीन महिन्यांच्या सुन्या खोलीपेक्षा बरं. पण ती बंद करतील असं मला वाटत नाही. फार तर नाव बदलतील, आणि ते नाव तुम्हाला आवडणार नाही.

येत्या शनिवारी पावणेतीनला स्टाफरूममध्येच बसा. किल्ली शुक्रवारी देऊन टाका, कोणाला ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पंधरा दिवसांत ती एकदा तरी हरवेल. शिपाई तुमच्याकडे येईल, मुलंही मागे उभी असतील. स्टँडजवळ किल्लीवाला बसतो, पन्नास-साठ रुपयांत नवी करून देतो. पर्सला हात लावू नका, ते पैसे त्यांच्या वहीतून जाऊ द्या.